कपिलचा पिवळा दिवा

सावरडोहच्या बसथांब्यासमोर कपिलचं दुकान आहे. पाटीवर 'ऑनलाईन सेवा केंद्र' असं लिहिलंय, पण गावात त्याला त्या नावानं कोणी ओळखत नाही. "कपिलकडे जाऊन येतो" असं कोणी म्हटलं की समजायचं, बिचाऱ्याचा सात-बारा, पीकविमा नाहीतर पोरीचा जातीचा दाखला कुठंतरी अडलाय. तालुक्याला, मारेगावला हेलपाटे घालून जे काम होत नाही ते कपिल खुर्चीत बसल्या बसल्या करतो, असा गावाचा समज आहे. तो अगदीच खोटा नाही आणि पुरता खराही नाही.

कपिल तिशीला टेकलेला, शिडशिडीत, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. यवतमाळला डिप्लोमा केला, मग पुण्याच्या एका कंपनीत काही वर्षं प्रोग्राम लिहिले. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा त्यात याचाही नंबर लागला. गडी बॅग भरून गावी आला, आईच्या हातचं जेवला आणि पुढच्याच आठवड्यात दुकान टाकलं. पुणं कसं होतं असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "पाणी चांगलं होतं." तेवढ्यावर तो विषय संपायचा.

त्याला एक खोड होती. 'माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नसत. यात त्याचा दोष निम्माच. कंप्युटरसमोर बसलेल्या माणसाला एखादी गोष्ट माहीत नसते, हे आपल्याकडे कोणाला पटतच नाही. "कपिल, माह्यं काम होईन ना?" असं एखादा म्हातारा डोळ्यांत जीव आणून विचारायचा आणि कपिल पडद्याकडे न बघताच सांगायचा, "होऊन जाईन, काका." म्हातारा खूश होऊन चहा पाजायचा. काम बहुतेक वेळा होतही असे. नाही झालं तर खापर सर्व्हरवर. सर्व्हर काही भांडायला दारात येत नाही.

घरात तो आणि त्याची आई इंदूबाई, दोघंच. घरचं वावर वेचून झालं की इंदूबाई बेबीताईच्या टोळीत जायची. बेबीताई म्हणजे गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांची म्होरकी. कोणाच्या वावरात कधी जायचं, किती बाया लागतील, हे सगळं ती ठरवते आणि तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. "आई, आता पुरे झालं," असं कपिल दरवर्षी म्हणायचा. "घरी बसून भिंतीसंग बोलू का मी?" असं इंदूबाई दरवर्षी म्हणायची आणि कमरेला फडकं बांधून निघायची.

मागल्या हिवाळ्यात पलीकडच्या गावात कापूस वेचणाऱ्या एका बाईला वाघानं नेलं. या भागाला वाघ नवा नाही. टेकडीवरचं जंगल आणि खालचा कापूस यांच्यामध्ये एक नाला तेवढा आहे आणि नाला म्हणजे काही कुंपण नव्हे. पण गेलेली बाई इंदूबाईच्या ओळखीची होती. बातमी आली त्या दिवशी इंदूबाई जेवली नाही. काही दिवसांनी ती पुन्हा वेचायला गेली. कपिलला या दुसऱ्या गोष्टीची जास्त धास्ती बसली.

मग त्यानं नाल्यावरच्या पेट्या केल्या. जनावरं जिथून पाण्यावर उतरतात त्या तीन जागी खांब रोवले आणि प्रत्येकावर एक पेटी बसवली. पेटीत छोटा कॅमेरा, बॅटरी, मोबाईलचं सिमकार्ड आणि वर उन्हावर चालणारी लहानशी प्लेट. पेटीसमोरून डुकरापेक्षा मोठं काही गेलं की ती दुकानातल्या कंप्युटरला कळवायची आणि दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लाल दिवा लागायचा. एरवी हिरवा. दिवे इन्व्हर्टरवर होते, त्यामुळे गावची लाईट गेली तरी दोहोंपैकी एक पेटलेला असायचाच. कधी एखादा रोही, म्हणजे नीलगाय, कधी कोणाचा चुकार बैल लाल दिवा लावून जाई. कपिल फोटो बघायचा आणि हिरवा करायचा. पेटी गप्प आहे म्हणजे नाल्यावर काही नाही, असा साधा हिशेब होता आणि तो सगळ्यांना एका झटक्यात समजला. सगळ्यांना एका झटक्यात समजणाऱ्या हिशेबाकडे खरं तर दोनदा बघायला हवं.

पेटीची जोडणी तुटली तर काय, हा विचार कपिलनं केला नव्हता असं नाही. पुण्यात तेच तर काम केलं होतं. दोन कंप्युटरांमधली जोडणी रीतसर तुटते तेव्हा जाणारा जाण्याआधी निरोप धाडतो. इकडचा प्रोग्राम काही आलंय का म्हणून वाचायला जातो आणि त्याच्या हाती शून्य अक्षरं येतात. काहीच न येणं वेगळं आणि शून्य येणं वेगळं. काहीच आलं नाही तर वाचणारा वाट बघत बसतो. शून्य आलं तर त्याला कळतं की पलीकडच्यानं आवरलं. शून्य आलं की लाल दिवा लावायचा, असं कपिलनं लिहून ठेवलं होतं. दुकानातल्या टेबलावर पेटी ठेवून, तिचं बटण दाबून ती कितीदातरी बंद केली, आणि दरवेळी शून्य आलं, दरवेळी लाल दिवा लागला. काम फत्ते झालं म्हणून त्यानं पेट्या खांबावर चढवल्या.

त्या हंगामात बायांना हिरव्या दिव्याची सवय लागली. बेबीताई सकाळी दुकानासमोर उभी राहायची, मान वर करून बघायची आणि म्हणायची, "चाला व." पूर्वी घोळक्यानं जाणाऱ्या बाया आता आपापल्या सवडीनं जाऊ लागल्या. कोणी पोराला शाळेत सोडून, कोणी भाकरी टाकून. कपिल खुर्चीतून त्यांच्याकडे बघायचा आणि त्याला बरं वाटायचं. पुण्यात त्यानं लिहिलेल्या प्रोग्रामकडे असं मान वर करून कोणी बघितलं नव्हतं.

एका सकाळी हिरवा दिवा बघून गेलेल्या बाया तासाभरात परत आल्या, त्याही धावत. विठ्ठलरावांचं वावर नाल्यापलीकडे आहे, तिकडे निघाल्या होत्या. दोन नंबरच्या पेटीखाली, ओल्या वाळूत, वाघाचे पंजे उमटलेले. इतके ताजे की त्यांत अजून पाणी झिरपलं नव्हतं. इंदूबाई सगळ्यांच्या पुढं होती. तिचा पाय त्या पंजावर पडता पडता राहिला, असं बाकीच्या सांगत होत्या. ती स्वतः माठातलं पाणी प्यायली आणि पायरीवर बसली.

बेबीताई दुकानात शिरली. "कपिल, बाबू, हिरवा काहून हाय?"

कपिलनं पडद्यावर बघितलं. दोन नंबरच्या पेटीपुढे 'जोडलेली' असं स्वच्छ लिहिलं होतं. सवयीनं तो म्हणाला, "पेटी चालू हाय, बेबीताई."

"मंग थ्या पेटीले वाघ कसा नाही दिसला?"

कपिल चारजणांना घेऊन नाल्यावर गेला. पेटीतली बॅटरीची तार काढलेली, बाजूला लोंबत होती आणि तिच्या जागी मोबाईल चार्ज करायची पिन खोचलेली होती. पिन विठ्ठलरावांच्या सालदाराची, भावसिंगची. गडी दिवसभर त्या वावरात राबायचा, तिथं लाईट नाही, आणि समोर खांबावर भरलेली बॅटरी. कोणाच्याही मनात येईल तेच त्याच्या मनात आलं. विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही.

"मी तं रोज वापस लावून देत होतो, कपिलभाऊ," तो म्हणाला. "काल दुपारी गायी पांगल्या म्हून धावलो, आन् लावाचं राह्यलं."

कपिलला त्याचा राग येईना. भावसिंगला तरी कुठं ठाऊक होतं की ती तार म्हणजे गावाचे डोळे आहेत. राग आला तो स्वतःचा. काल दुपारपासून पेटी मेलेली होती, आणि त्याचा प्रोग्राम तिला जिवंत समजून हिरवा दिवा लावून बसला होता. त्या दिव्याखालून आई गेली होती.

त्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकं परत पाठवली. पेटी टेबलावर घेतली. बटण दाबून बंद केली, शून्य आलं, लाल लागला. मग पुन्हा चालू केली आणि या खेपेला बटणाला हात न लावता बॅटरीची तार उपटली. काही झालं नाही. कपिलनं चहा मागवला, प्यायला, कप ठेवला. दिवा हिरवा. पडद्यावर 'जोडलेली'. तो शब्द खोटं सांगत नव्हता, फक्त मघाचं सांगत होता. शेवटचं जे कळलं होतं तेच तो धरून बसला होता. मग कपिलनं इकडून पेटीला एक ओळ पाठवून बघितली. 'पाठवली' असं उत्तर आलं, तेही लगेच. ते उत्तर पेटीचं नव्हतं, त्याच्याच कंप्युटरचं होतं. पत्र टपालपेटीत पडलं म्हणजे घरी पोचलं असं नव्हे, तसला प्रकार. ते पोचलं नाही हे कळायला बराच वेळ गेला. कंप्युटर स्वतःहूनही पलीकडच्याची विचारपूस करू शकतो, पण ती सोय चालू केली तरी पहिली चौकशी करायला तो दोन तास लावतो. दोन तासांत वाघ तीन गावांच्या शिवारातून फिरून येईल.

दुपारी इंदूबाई डबा घेऊन आली. पोराचा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं थे तं सांग."

"पाहुणा 'येतो बरं' म्हणून उठला तर आपल्याले कळते ना, आई? न सांगता मागच्या दारानं गेला तर?"

"तर त्याचं ताट वाढेलच राह्यते."

"तसंच झालं."

इंदूबाईनं भाकरी त्याच्या पुढ्यात सरकवली. "मंग मधी मधी हाक काहून नाही मारत?"

हे कपिलला माहीत होतं. पेटीनं दर मिनिटाला आपण आहोत असं सांगायचं, ही युक्ती त्यानं सुरुवातीलाच मनात आणली होती आणि सोडूनही दिली होती. प्रत्येक बोलण्याला बॅटरी लागते, प्लेट छोटी, ढगाळ दिवसांत पेटी दमली असती. टेबलावर सगळं नीट चाललं होतं, म्हणून गरज वाटली नव्हती. त्यानं मुकाट्यानं भाकरी खाल्ली आणि मोठ्या प्लेटा आणायला नागपूरला माणूस धाडला.

नवी रीत अशी ठरली: प्रत्येक पेटी दर मिनिटाला 'हाव', म्हणजे 'हो', एवढंच म्हणणार. तीन मिनिटं 'हाव' आलं नाही तर प्रोग्राम तिची वाट बघणार नाही, इकडून जोडणी तोडून टाकणार आणि तिसरा दिवा लावणार. पिवळा. आणि या पिवळ्याचा अर्थ गावाला सांगायची वेळ आली तेव्हा कपिलची पंचाईत झाली, कारण तो अर्थ म्हणजे नेमके तेच शब्द होते जे त्याच्या तोंडून निघत नसत.

दुकानासमोर जमलेल्या मंडळींत विठ्ठलराव पुढे होते. नाल्यापलीकडचं मोठं वावर त्यांचं. माणूस सज्जन, बोलणं गोड, पण कापूस फुटला की त्यांना दुसरं काही सुचत नाही.

"पिवळा म्हंजे वाघ हाय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, काका."

"म्हंजे नाही?"

"थे बी माहीत नाही."

"मंग तुले माहीत तरी काय हाय?"

"पेटी बोलून नाही राह्यली, एवढंच."

मंडळी हसली. कपिलचे कान लाल झाले. बेबीताई मात्र हसली नाही. "बरं हाय," ती म्हणाली, "पिवळा असला का आपून संग संग जाऊ. दोन गडी पुढं, आन् ताटल्या वाजवत." तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं आणि कोणाला विचारलं नाही.

आता नाल्यात मोबाईलची रेंज म्हणजे आली तर आली. सकाळी धुकं पडलं की दोन नंबरची पेटी हमखास गप्प. त्यामुळे पिवळा दिवा आठवड्यातून चार-पाचदा लागू लागला. लागला की बाया एकमेकींसाठी थांबणार, दोन गडी येईपर्यंत थांबणार, मग सगळ्या मिळून ताटल्या बडवत हळूहळू जाणार. उन्हं वर येईपर्यंत वेचायला हात लागत नसे. गडी द्यायचे विठ्ठलरावांनी. फुटलेला कापूस बोंडाबाहेर लोंबतोय, आभाळ भरून येतंय, आणि इकडे मिरवणूक निघालीय. त्यांचा जीव टांगणीला लागला.

ते दुकानात आले, बसले, चहा सांगितला. "कपिल, तीन मिनिटं लय कमी होते बाप्पा. मानूस बी तीन मिनिटं चूप बसते. म्हून काय तो मेला?"

हे म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. कपिलनं तिनाचे दहा केले. पिवळा कमी झाला. पुढल्या आठवड्यात विठ्ठलराव पुन्हा आले, पुन्हा चहा सांगितला, आणि कपिलनं दहाची तीस मिनिटं केली. पिवळा जवळपास दिसेनासा झाला. "आता कसं बरोबर बसलं," असं लोक म्हणू लागले. कोणी म्हणालं, कपिलचं डोकं म्हणजे डोकं. कपिललाही ते ऐकायला आवडलं. खोटं कशाला बोला, त्याला ते फार आवडलं. 'माहीत नाही' म्हणणारा माणूस म्हणून गावात वावरणं त्याला जड जात होतं.

एका सकाळी इंदूबाई फडकं बांधून दुकानापाशी आली. बाकीच्या बाया मागून येत होत्या. तिनं दिव्याकडे बघितलं, मग पोराकडे.

"कपिल, हा हिरवा आत्ताचा हाय का मघाचा?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर कपिल 'आत्ताचा' म्हणून मोकळा झाला असता. त्यानं आधी पडद्यावर बघितलं. मग म्हणाला, "मघाचा, आई. अर्ध्या घंट्याआधीचा बी असू शकते."

"मंग मी अर्धा घंटा थांबतो," असं म्हणून ती पायरीवर बसली.

"तवा बी तो मघाचाच राहीन."

इंदूबाईनं वर बघितलं. ती रागावली नव्हती, तिला फक्त समजून घ्यायचं होतं, आणि तेच कपिलला सोसवेना. तिनं एका वाघाच्या पंजावर पाय पडता पडता मागे घेतला होता, आणि त्यानं विठ्ठलरावांच्या दोन कप चहावर तिचा अर्धा तास विकला होता. तो आत गेला आणि तिसाचे पुन्हा तीन केले. बाया पोचल्या त्या क्षणी भिंतीवरचा हिरवा विझला आणि पिवळा लागला. दोन नंबरची पेटी गप्प होती. किती वेळापासून, ते पडद्यावर दिसत होतं. कपिलनं ते कोणाला वाचून दाखवलं नाही.

विठ्ठलराव दुपारी आले. या खेपेला कपिलनंच चहा सांगितला. "जे मले माहीत नाही थे हिरव्यात नाही लावता येत, काका," तो म्हणाला. अडखळत का होईना, वाक्य पुरं झालं. विठ्ठलराव चहा प्यायले, त्याची पाठ थोपटली आणि गेले. माणूस असा सहज गेला की कपिलला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर एकही दिवा नव्हता.

कपिल दुकान उघडायला आला तोवर बाया जमल्या होत्या. विठ्ठलरावही आले होते, चांगल्या मूडमध्ये. "चाला, चाला," ते म्हणत होते. "आज ना लाल, ना पिवळा. मंग भेव कायचं?"

बेबीताई हललीच नाही. मान वर करून ती तिन्ही दिव्यांकडे बघत होती, आणि तिच्यामागे सगळ्या बाया तशाच उभ्या. त्यांत भावसिंगची बायको रामीबाईही होती. मग बेबीताई सरळ जमिनीवर बसली. एकीमागून एक सगळ्या बसल्या.

"आता काय झालं?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"हिरवा लागला तं आमाले कळते," बेबीताई म्हणाली. "लाल लागला तं कळते. पिवळा लागला तं याले माहीत नाही, हे बी कळते. आज तं हा काही सांगूनच नाही राह्यला. जो काहीच सांगत नाही त्याच्या भरवशावर कोन जाईन, पाटील?"

कपिल आतून स्टूल घेऊन आला आणि चढून बघितलं. पिवळ्या दिव्याच्या होल्डरात बल्ब नव्हता. आत पडद्यावर दोन नंबरच्या पेटीचं 'हाव' आलेलं नव्हतं, म्हणजे तार ठीक, वीज ठीक, दिवा लावायचा हुकूमही सुटलेला, फक्त पेटायला काही नव्हतं. स्टुलावर उभ्या उभ्या त्यानं विठ्ठलरावांकडे बघितलं. विठ्ठलरावांनी नजर रस्त्याकडे वळवली. बल्ब कोणी काढला हे विचारायची गरज नव्हती.

"गडी कुठं हायेत?" इंदूबाईनं विचारलं. "भावसिंग कुठं हाय?"

विठ्ठलरावांच्या ते ध्यानातच नव्हतं असं दिसलं. "तो तं कवाचाच गेला," ते म्हणाले. "दिवा नव्हता म्हून मीच धाडलं त्याले. एकटाच गेला."

रामीबाई उठून उभी राहिली.

विठ्ठलरावांनी मोबाईल काढला, भावसिंगचा नंबर लावला आणि कानाला धरला. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या तोंडाकडे. त्यांनी फोन कानावरून काढला, पुन्हा लावला. पलीकडे घंटी वाजत नव्हती, बाई हिंदीतून काहीतरी सांगत होती. तिसऱ्यांदा लावला. मग त्यांनी फोन खाली केला आणि कपिलकडे बघितलं. इतकी वर्षं गावातले म्हातारे ज्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत आले होते तसल्याच डोळ्यांनी.

"कपिल, रेंज नसन ना रे तिकडे? तो ठीक असन ना?"

होऊन जाईन, काका, असं म्हणणं किती सोपं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला असता. रामीबाई चार पावलांवर उभी होती.

"माहीत नाही, काका," कपिल म्हणाला.

विठ्ठलरावांनी खिशात हात घातला. रुमालात गुंडाळलेला बल्ब काढून त्यांनी कपिलच्या हातात दिला, सगळ्यांच्या देखत, आणि दुकानाच्या कोपऱ्यात उभी असलेली काठी स्वतःच उचलली. कपिलनं बल्ब बसवला. पिवळा लागला की नाही हे बघायला कोणी थांबलं नाही. रामीबाई पुढे निघालीच होती, बेबीताईनं तिला दंडाला धरून घोळक्यात घेतलं.

ताटल्या वाजू लागल्या. सर्वांत पुढे विठ्ठलराव, त्यांच्या बरोबरीनं कपिल. पांदण संपली, कापसाची वावरं लागली, नाला आला. दोन नंबरच्या खांबावर पेटी होती, तार जागच्या जागी होती, आणि वाळूत भावसिंगच्या चपलांचे ठसे पलीकडे गेलेले होते. दुसरे ठसे कोणाचे आहेत का, ते बघायला विठ्ठलराव थांबले नाहीत. ते पाण्यातून तसेच पलीकडे गेले आणि काठावर उभं राहून त्यांनी हाक मारली. ताटल्या थांबल्या. त्यांनी पुन्हा मारली. आवाज चिरकला.

वावराच्या टोकाकडून, बऱ्याच वेळानं, भावसिंगची 'ओ' आली. मग तो स्वतःच कापसातून डोकं वर काढून येताना दिसला, हातात विळा, चेहऱ्यावर नवल. एवढी सगळी माणसं आपल्यासाठी आलीत हे त्याला काही केल्या समजेना.

"काय झालं, मालक?"

ओल्या धोतरानं विठ्ठलराव तिथंच, कापसाच्या दोन ओळींमधल्या तासात, मटकन खाली बसले. बायांनी कमरेची फडकी आवळली आणि वेचायला सुरुवात केली, तरी ते उठले नव्हते.